जुन्या वार्षिकांकांतले काय ठेवावे आणि काय वगळावे?

शुद्धिपत्र

नमस्कार. आमच्या महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी संघाने जुने वार्षिकांक संगणकावर आणायचे ठरवले असून ते काम तीन जणांच्या समितीकडे सोपवले आहे. त्या तिघांत मी एक आहे. कपाटातून एकूण ५२ अंक निघाले. काहींची मुखपृष्ठे गेली आहेत, काहींना वाळवीचा प्रसाद मिळाला आहे, पण बहुतेक अंक वाचण्याजोगे आहेत.

समितीतील माझ्या दोन्ही सहकाऱ्यांचे मत असे आहे की, या ५२ अंकांतील उत्तम कथा, कविता आणि लेख निवडून एक देखणा संग्रह काढावा आणि बाकीचा ऐवज, म्हणजे मंडळांचे अहवाल, पारितोषिकांच्या याद्या, गटछायाचित्रे, जाहिराती आणि जमाखर्चाची पाने, सोडून द्यावीत. पहिल्या बैठकीत मीही मान डोलावली होती. त्यानंतर दोन महिने रोज संध्याकाळी हे अंक वाचत बसलो आणि माझे मत पार फिरले.

कथांविषयी स्पष्टच लिहितो. त्या बऱ्याचशा एकसारख्या आहेत. नायक शेवटच्या परिच्छेदात मरतो किंवा पावसात भिजत निघून जातो, आणि अमुक वर्षी अमुक लेखक विद्यार्थ्यांत लोकप्रिय होता एवढेच त्या कथांवरून कळते. याउलट वाचनालय समितीचा अहवाल पाहा. संध्याकाळी ७ नंतर वाचनकक्षात दिवा मिळावा ही मागणी सलग चार वर्षांच्या अहवालांत जवळजवळ त्याच शब्दांत येते आणि पाचव्या वर्षी एकाएकी नाहीशी होते. दिवा लागला, की मागणारेच शिक्षण संपवून निघून गेले, हे अंक सांगत नाही. मला मात्र त्या चार ओळींनी पंधरा कथांपेक्षा जास्त वेळ गुंतवून ठेवले.

थोडा मागचा इतिहासही पाहू. विद्यार्थ्यांची नियतकालिके माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकांपेक्षा बरीच जुनी आहेत. येल विद्यापीठातील विद्यार्थ्यांचे वाङ्मयीन मासिक १८३६ मध्ये सुरू झाले आणि हार्वर्डचे ‘ॲडव्होकेट’ १८६६ मध्ये. माजी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र प्रकाशन ही कल्पना त्यानंतर बऱ्याच वर्षांनी रुजली. येलमध्ये ते १८९१ मध्ये निघाले आणि प्रिन्स्टनचे साप्ताहिक १९०० मध्ये. कारण उघड आहे. पदवीधरांची संख्या वाढली, ते दूरदूर पांगले, आणि त्यांच्या आठवणींची, त्याचप्रमाणे त्यांच्या देणग्यांचीही, संस्थांना गरज भासू लागली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या माजी विद्यार्थ्यांसाठी १८९९ मध्ये निघालेले ‘टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’ पुढे तंत्रज्ञानावरील जगप्रसिद्ध नियतकालिक झाले, आणि माजी विद्यार्थ्यांना जाणाऱ्या प्रतीत त्यांच्या वार्तांची पाने आजही वेगळी जोडलेली असतात.

म्हणजे एकाच संस्थेत दोन प्रकारचे लेखन चालते. विद्यार्थ्यांचे नियतकालिक दर तीन-चार वर्षांनी संपादक बदलते आणि आधीच्यांनी काय केले हे बहुधा विसरते. माजी विद्यार्थ्यांच्या अंकाचा वाचक मात्र तोच राहतो आणि अंकाबरोबर म्हातारा होत जातो. आमच्या कपाटात या दोहोंची सरमिसळ आहे, म्हणून निवड अधिकच अवघड झाली आहे.

जाता जाता एक कोडे. सत्तरच्या दशकातील एका अंकात पृष्ठ ४८ नंतर थेट पृष्ठ ५३ येते. अनुक्रमणिकेत ४९ पुढे केवळ ‘संकीर्ण’ असे लिहिले आहे. ही चार पाने गेली कुठे? जाणकारांनी आपले अनुभव अवश्य लिहावेत.

जुनाखिळा

धागा आवडला. मी उमेदीची बरीच वर्षे छापखान्यात काढली असून महाविद्यालयांचे वार्षिकांक हा आमच्याकडचा ठरलेला हंगाम असे. कोड्याचे आधी सांगतो, कारण ते माझ्या धंद्यातले आहे.

लेटरप्रेसवर, म्हणजे धातूचे अक्षर-खिळे जुळवून छापण्याच्या यंत्रावर, अंक फॉर्माने छापला जाई, म्हणजे एका मोठ्या कागदावर अनेक पाने एकदम, आणि एका फॉर्मात साधारणपणे १६ पाने बसत. त्या हिशेबाने १ ते १६, १७ ते ३२, ३३ ते ४८ असे तीन फॉर्म होतात आणि ४९ पासून चौथा सुरू होतो. आपली गहाळ पाने बरोबर चौथ्या फॉर्मच्या तोंडाशी आहेत, तेव्हा तीन शक्यता संभवतात. पहिली, जुळाऱ्याने पृष्ठांकच चुकीचे लावले आणि ते कोणाच्या लक्षात आले नाही. दुसरी, ती चार पाने पाव फॉर्म म्हणून वेगळी छापली गेली आणि या प्रतीच्या बांधणीत घालायची राहिली. तिसरी, पाने होती आणि नंतर कोणी तरी कापली. अंक हळूच उघडून मणक्याकडे पाहा. पान कापलेले असेल तर कापणारा कितीही सफाईदार असला तरी आत बारीकशी कड उरतेच, कारण पाते पिनेपर्यंत पोहोचत नाही. अंक बाजूने पिना मारलेला असेल तर बाकीची पाने घट्ट राहतात. मधोमध पिना असतील तर त्यांच्या जोडीची पाने सैल झालेली दिसतील.

आता मूळ प्रश्नाविषयी. वार्षिकांकांत छोट्या कवितांची एवढी गर्दी का असते, याचे उत्तर वाङ्मयात नसून जुळणीत आहे. लेख पानाच्या दोन-तृतीयांशावर संपला की खालची जागा मोकळी राहते, आणि मोकळी जागा प्राध्यापक संपादकांना खपत नसे. मग विद्यार्थी संपादक धावत येई आणि विचारी, ‘आठ ओळींचे काही आहे का?’ अशा घाईत स्थान मिळालेल्या कितीतरी कविता मी स्वतःच्या हाताने जुळवल्या आहेत. दहा ओळींची कविता आठ ओळींच्या जागेत बसवण्यासाठी शेवटच्या दोन ओळी गाळल्याचेही पाहिले आहे. कवीने तक्रार केली नाही. त्याला नाव छापून आल्याचा आनंद पुरेसा होता. म्हणून आपण कविता निवडून वेगळ्या छापल्या आणि ती मूळ पाने टाकली, तर ती कविता तिथे का आली होती हे पुढच्या कोणालाही कळायचे नाही.

देवनागरीची जुळणी हा स्वतंत्र विषय आहे. जोडाक्षरे आणि मात्रा धरून शेकडो प्रकारचे खिळे लागत, आणि ‘ष्ट्य’ किंवा ‘द्ध्य’ यांसारखे एखादे अक्षर संपले की जुळारी लेखकाला विचारत असे की दुसरा शब्द चालेल का. काही विद्यार्थी-लेखकांची शैली त्यामुळे सुधारली, असे माझे प्रामाणिक मत आहे.

तिरकीरेघ

चौथी शक्यता कोणीच मांडली नाही, ती मी मांडतो. पाने कापली गेली ती कोणाच्या तरी आज्ञेवरून.

विद्यार्थ्यांच्या प्रकाशनांचा इतिहास हा बऱ्याच अंशी संस्थाचालकांशी झालेल्या खटक्यांचा इतिहास आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील ‘डेली कॅलिफोर्नियन’ या दैनिकात १९७१ मध्ये एका बागेच्या वादावरून अग्रलेख आला, विद्यापीठाने संपादकांना काढले आणि त्यातून ते दैनिक विद्यापीठापासून वेगळे झाले. त्याच वर्षी फ्लोरिडातील ‘ॲलिगेटर’ या विद्यार्थी दैनिकाने गर्भपातासाठी मदत करणाऱ्या केंद्रांची यादी कायद्याची मनाई झुगारून अंकासोबत वाटली, आणि १९७३ मध्ये तेही विद्यापीठाच्या छत्रातून बाहेर पडून स्वतंत्र झाले. या दोन्ही ठिकाणी वाद मतापेक्षा मालकीचा होता. छपाईचे बिल जो भरतो, त्याला मजकूर कापण्याचा अधिकार आपोआप मिळतो का, हा तो प्रश्न होय.

आणि प्रकाशन म्हणजे केवळ अंक नव्हे. म्युनिक विद्यापीठातील काही विद्यार्थ्यांनी १९४२ आणि १९४३ मध्ये नाझी राजवटीविरुद्ध पत्रके काढली. गटाचे नाव होते ‘व्हाइट रोझ’. पहिली पत्रके थोड्या प्रतींत निघाली आणि टपालाने गेली, पुढची प्रतिमुद्रण यंत्रावर हजारोंनी. १८ फेब्रुवारी १९४३ रोजी हान्स आणि सोफी शोल ही भावंडे विद्यापीठाच्या इमारतीत पत्रके ठेवताना पकडली गेली आणि चारच दिवसांनी, २२ फेब्रुवारीला, त्यांना देहदंड देण्यात आला. टंकलेखन यंत्र आणि हाताने फिरवायचे एक यंत्र, एवढीच त्यांची सामग्री होती.

आपल्या वार्षिकांकातील चार पानांची तुलना मी त्या पत्रकांशी करीत नाही. परंतु ‘संकीर्ण’ या मोघम शब्दाआड काही तरी नकोसे दडलेले असावे असे माझे मन सांगते. विद्यार्थी संपादक असताना माझे एक संपादकीय छापखान्यातून परत मागवण्यात आले होते आणि त्या जागी ‘सुविचार’ आले. त्या अंकाच्या दप्तरी प्रतीत आजही फक्त सुविचार आहेत.

शुद्धिपत्र

जुनाखिळा यांनी सांगितल्याप्रमाणे पाहिले. अंकाला बाजूने तीन पिना आहेत, आणि ४८ व ५३ यांच्यामध्ये जेमतेम अर्ध्या बोटाएवढ्या रुंदीच्या दोन कडा उरलेल्या आहेत. म्हणजे पाने छापली गेली, बांधली गेली आणि नंतर पात्याने कापली गेली. कड वरून सरळ असून खाली किंचित तिरपी झाली आहे, जणू कापणाऱ्याला शेवटी घाई झाली असावी. तिरकीरेघ यांचा तर्क आता थोडा बळावला, हे मान्य केले पाहिजे.

दप्तरखाना

मी ग्रंथालयाच्या अभिलेख विभागात काम करते. दोन गोष्टी सुचवते. एक तातडीची आहे, दुसरी तत्त्वाची.

तातडीची गोष्ट अशी की त्या पिना गंजलेल्या असतील तर स्कॅनिंगपूर्वी काढून घ्याव्यात, मात्र पाते लावून उपटू नयेत. मागच्या बाजूची टोके आधी सरळ करावीत. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी तर अजिबात लावू नये, कारण तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून अक्षरांत उतरतो. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदात लिग्निन हा लाकडाचा घटक शिल्लक असतो आणि जुन्या कागदाला खळ देताना वापरलेल्या तुरटीमुळे त्यात आम्लही असते. म्हणूनच तो पिवळा होतो आणि घडीवर मोडतो. एखादा १९३० च्या सुमाराचा अंक पुढच्या काळातील स्वस्त कागदावरच्या अंकापेक्षा चांगल्या अवस्थेत निघाला तर नवल वाटू देऊ नका.

स्कॅन किमान ३०० डीपीआयवर (इंचामागे ठिपके) करावे. बारीक टंक आणि ठशांची छायाचित्रे असलेल्या पानांसाठी ४०० ठेवावे. मूळ प्रतिमा टिफ स्वरूपात जपाव्यात आणि वाचकांसाठी पीडीएफ वेगळी करावी. प्रती तीन असाव्यात, दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या इमारतीत. बाकी सोय नंतर झाली तरी चालेल, पण हे पहिल्या दिवशीच करावे.

तत्त्वाची गोष्ट म्हणजे अंक हा एक वस्तू म्हणून जतन करायचा असतो. मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत, कोऱ्या पानांसकट आणि जाहिरातींसकट. आमच्याकडे जुन्या नियतकालिकांची पुठ्ठाबांधणी करताना जागा वाचावी म्हणून जाहिरातींची पाने काढून टाकण्याची पद्धत एके काळी होती आणि जगभरच्या ग्रंथालयांनी ती पाळली. आज संशोधक येतात ते नेमक्या त्याच पानांसाठी, आणि आम्हाला हात हलवावे लागतात. त्या वेळी ती पाने काढणारे लोक निष्काळजी नव्हते. त्यांनीही ‘महत्त्वाचे’ तेवढेच ठेवले होते.

एक_वाचक

सगळ्यांचे म्हणणे वाचले, आणि समितीतील उरलेल्या दोघांची बाजू कोणी तरी घ्यावी म्हणून लिहितो. संपादन म्हणजे निवडच. ५२ अंक जसेच्या तसे ठेवले तर ते ठेवले जातील एवढेच, वाचले जाणार नाहीत. संग्रह काढला तर निदान शंभर माणसे तो वाचतील. टी. एस. एलियट यांच्या विद्यार्थिदशेतील कविता हार्वर्डच्या ‘ॲडव्होकेट’मध्ये आल्या होत्या, हे लोकांना ठाऊक आहे ते कोणी तरी त्या अंकांतून त्या निवडल्या म्हणूनच. त्याच अंकांतील अहवाल कोणी वाचले? शिवाय केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी १८८९ मध्ये काढलेले ‘ग्रांटा’ पुढे मरगळले आणि १९७९ मध्ये नव्याने उभे राहिले, ते अहवालांच्या बळावर नव्हे तर साहित्याच्या. विद्यार्थ्यांच्या नियतकालिकाचा हेतूच मुळी लिहिणाऱ्या हातांना पहिली जागा देणे हा आहे. वार्षिकांकातील साहित्य सुमार असते हे आपण सहज म्हणतो, पण ते लिहिणारे १९ वर्षांचे होते, याचा विसर पडू नये.

दप्तरखाना

एक_वाचक यांचा शेवटचा मुद्दा मला पटतो. तरीही संग्रह आणि संपूर्ण अंक यांत निवड करण्याची वेळ येतेच असे नाही. आधी संपूर्ण अंक जतन करा, मग त्यातून हवे तेवढे संग्रह काढा. क्रम उलटला तर मात्र दुरुस्ती होत नाही.

टंकबदलू

सगळी चर्चा जुन्या कागदाभोवती फिरते आहे. आमच्या अनुभवानुसार सर्वांत धोक्यात आहेत ते नव्वदच्या दशकातील आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांतील अंक.

‘पेजमेकर’ हे संगणकावर पाने मांडण्याचे साधन १९८५ मध्ये आले, पुढच्या काही वर्षांत महाविद्यालयांचे अंक संगणकावर जुळू लागले, आणि ‘आता मजकूर कायमचा सुरक्षित झाला’ असे सर्वांना वाटले. त्या काळातील देवनागरी टंक मात्र रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवून बनवलेले असत. टंक संगणकात असेल तोवर ‘संपादकीय’ दिसते, आणि टंक गेला की त्याच जागी इंग्रजी अक्षरे, चिन्हे आणि टोप्या-टिंबे यांची खिचडी दिसते. युनिकोडची, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या प्रमाणाची, पहिली आवृत्ती १९९१ मध्ये देवनागरीसकट प्रसिद्ध झाली होती, परंतु छपाईच्या व्यवहारात ते रुळायला बराच काळ गेला. आमच्या संघाकडे अशा सात अंकांच्या तबकड्या आहेत. त्यांतील दोन उघडतच नाहीत. तीन उघडतात, पण मजकूर वाचता येत नाही. उरलेल्या दोन कोणी तरी मूळ धारिकांऐवजी पीडीएफ करून ठेवल्यामुळे वाचल्या. त्यांतही शोध घेता येत नाही, कारण दिसणारे अक्षर आणि आतले अक्षर वेगळे आहे.

उपाय असा की जुने टंक युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने वापरून पाहावीत, आणि ती चालली नाहीत तर छापील प्रत स्कॅन करून ‘टेसरॅक्ट’सारख्या मजकूर ओळखणाऱ्या प्रणालीतून काढावी. ती मुक्त स्रोताची असून मराठी वाचते. स्वच्छ छपाईवर तिचा निकाल बरा येतो. फिकट झालेल्या सायक्लोस्टाइलवर मात्र ती हात टेकते.

जुनाखिळा

सायक्लोस्टाइलवर माणसेही हात टेकत असत. मेणकागदी स्टेन्सिलवर फीत न लावता टंकलेखन करायचे, चूक झाली की त्यावर लाल पातळ द्रव लावून वाळेपर्यंत फुंकर मारत बसायचे आणि पुन्हा तेच अक्षर ठोकायचे. ‘ठ’ आणि ‘०’ यांची वाटोळी गोलाई जोरात ठोकली की मेणाचा तुकडा गळून पडे आणि प्रत्येक प्रतीत तिथे काळा ठिपका उमटे. असे ठिपके असलेले अंक आपल्या कपाटात निघाले तर ते छपाईचा दोष म्हणून पुसून काढू नका.

मागचा_बाक

हा धागा मी तीन दिवस शांतपणे वाचत होते. वाचनकक्षातील दिव्याचा उल्लेख आल्यापासून मला एक शंका येत होती, आणि शुद्धिपत्र यांना खासगी संदेश पाठवून ती खरी निघाली. आपण एकाच महाविद्यालयाचे आहोत. सलग चार वर्षे जी मागणी छापली गेली, त्यांतील चौथ्या वर्षी ती लिहून देणारी वाचनालय समितीची सचिव मी होते. दिवा लागला नाही. पुढच्या वर्षी आम्ही काही जणी एका प्राध्यापिकांच्या घरी अभ्यासाला बसू लागलो आणि नव्या सचिवाला आधीच्या मागणीची कल्पनाच नव्हती.

कोड्याकडे वळण्यापूर्वी वर्गवार्तांविषयी, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या वर्षवार बातम्यांविषयी, लिहिते, कारण साहित्याखेरीज बाकीची पाने कोणी वाचत नाहीत असा सूर वर दिसला. माजी विद्यार्थ्यांचा अंक हाती आला की मी तो मागून उघडते, आणि माझ्या ओळखीतील बहुतेक जण तसेच करतात. कोण कुठे गेले, कोणाचे काय झाले, आणि शेवटी निधनवार्ता. पदवीनंतर पहिली काही वर्षे त्यात नोकऱ्या आणि विवाह असतात, मग मुले, मग पदोन्नत्या, मग निवृत्ती. माझ्या वर्षाचे नाव दर अंकात यादीच्या सुरुवातीकडे सरकत चालले आहे, कारण यादी जुन्या वर्षापासून सुरू होते आणि वरची वर्षे एकेक करून गळतात. हे मला कोणत्याही कथेने इतके स्पष्टपणे सांगितलेले नाही.

मात्र याच पानांबाबत सावधही राहिले पाहिजे. जुन्या वर्गवार्तांत लोकांचे राहते पत्ते सर्रास छापलेले आहेत. माझ्या एका वर्गमैत्रिणीच्या विवाहाची वार्ता तिने स्वतः कळवलेली नव्हती, आणि ते लग्न पुढे टिकले नाही. ती पाने महाजालावर शोधता येतील अशी टाकली तर तिला काय वाटेल, याचा विचार समितीने केला आहे का?

दप्तरखाना

हा प्रश्न प्रत्येक अभिलेखागाराला पडतो आणि एकच ठरीव उत्तर मिळत नाही. आम्ही जपणे आणि प्रसिद्ध करणे या दोन क्रिया वेगळ्या मानतो. संपूर्ण अंक जपायचा, परंतु महाजालावरील प्रतीत पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक झाकायचे, अलीकडच्या काही दशकांच्या वर्गवार्ता फक्त ग्रंथालयात बसून पाहता येतील असे ठेवायचे आणि कोणी आपला मजकूर मागे घेण्याची विनंती केली तर ती ऐकण्यासाठी एक ठरलेली व्यक्ती नेमायची. लेखांच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. विद्यार्थ्याने वार्षिकांकाला कविता दिली म्हणून तिचा स्वामित्वहक्क महाविद्यालयाकडे जातोच असे नाही. १८८६ च्या बर्न करारात सामील असलेल्या देशांत हा हक्क साधारणपणे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर किमान ५० वर्षे राहतो. तेव्हा समितीने निदान जाहीर सूचना देऊन हरकती मागवाव्यात. एक_वाचक यांच्या संग्रहासाठी तर प्रत्येकाची लेखी परवानगी घ्यावी.

तिरकीरेघ

सर्व मान्य, पण ४९ ते ५२ चे काय? मागचा_बाक यांच्याकडे तो अंक असण्याची शक्यता आहे का? सचिवांना भेट अंक मिळत असे.

मागचा_बाक

मिळत असे, आणि मी तो जपून ठेवला आहे. आज सकाळी माळ्यावरून काढला. पाने शाबूत आहेत.

तिरकीरेघ यांची थोडी निराशा होईल. पृष्ठ ४९ ते ५२ वर ‘रसायनशास्त्रातील काही अवघड उदाहरणे व त्यांची उत्तरे’ असा लेख असून तो आमच्याच एका प्राध्यापकांनी लिहिला आहे. एकूण १४ उदाहरणे आहेत आणि प्रत्येक उदाहरण पायरीपायरीने सोडवलेले आहे. अंक परीक्षेच्या महिनाभर आधी निघाला होता. वाचनालयाच्या प्रतीतील पाने कोणी कापली असतील, याचा अंदाज बांधायला फार बुद्धी लागत नाही. माझ्या प्रतीत पृष्ठ ५१ वरच्या नवव्या उदाहरणाचे उत्तर पेन्सिलीने खोडून दुरुस्त केलेले आहे. अक्षर माझे नाही, आणि अंक मी कोणाला वाचायला दिला होता हे आता आठवत नाही.

तिरकीरेघ

हरलो. तरीसुद्धा माझ्या संपादकीयाच्या जागी सुविचार आले होते, ही गोष्ट यामुळे बदलत नाही.

जुनाखिळा

कड खाली तिरपी का झाली तेही उमगले. ग्रंथपाल येत असणार.

शुद्धिपत्र

मागचा_बाक यांचे मनःपूर्वक आभार. त्यांच्या प्रतीतील चार पाने आम्ही स्कॅन करून घेत आहोत, आणि ती दुसऱ्या प्रतीतील आहेत अशी नोंद पानाखाली राहील. पेन्सिलीची दुरुस्ती तशीच ठेवू.

काल रात्री आणखी एक गोष्ट सापडली, ती कबूल केल्यावाचून राहवत नाही. पुढच्या वर्षीच्या अंकात, मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला, दोन जाहिरातींच्या मध्ये तीन ओळींचे शुद्धिपत्र आहे. गेल्या वर्षीच्या अंकातील पृष्ठ ५१ वरील नवव्या उदाहरणाचे उत्तर दुरुस्त करून वाचावे, असे त्यात लिहिले आहे. ते पान मी दीड महिन्यापूर्वी पाहिले होते आणि माझ्या वहीत त्यापुढे ‘किरकोळ, वगळावे’ असा शेरा माझ्याच हातचा आहे. समितीची बैठक रविवारी आहे. वही सोबत नेतो आहे.